गुजरात पासिंगची वॅगनआर एमएच १८ करताना

नंदुरबार, शहादा, दोंडाईचा या पट्ट्यात कुठल्याही लग्नमंडपाबाहेरची पार्किंग बघा. एमएच १८ (धुळे) आणि एमएच ३९ (नंदुरबार) च्या गाड्यांमध्ये एखादी सुरतेची जीजे ०५ हमखास उभी असते. आम्हाला सुरत नाशिकपेक्षा जवळची. प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी उधना-लिंबायतला कामाला, लग्नाचा बस्ता सुरतेचा, आणि आता जुनी गाडीही तिकडचीच. गाडी तिकडे स्वस्त मिळते हे सगळे सांगतात. ती आपल्या नावावर, आपल्या नंबरावर कशी करायची असं विचारलं की मात्र "एजंटला देऊन टाका" एवढंच उत्तर येतं.

मी एजंटला दिली नाही. मे २०२४ मध्ये सुरू केलेलं काम सप्टेंबरात संपलं. पुढच्याला सोपं जावं म्हणून सगळं क्रमाने लिहितेय. फॉर्मचे नंबर मुद्दाम ठेवलेत, कारण सुरुवातीला मला तेच एका ठिकाणी कुठे सापडत नव्हते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. राहायला दोंडाईच्याला, शाळा तीसेक किलोमीटरवर, सगळा रस्ता कपाशीच्या रानातून. इतकी वर्षं स्कूटरवर काढली. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सुटून घरी येईपर्यंत स्कार्फच्या आत डोकं तापून जातं, हे आमच्याकडच्या बायकांना सांगायला नको. गाडी घ्यायची हे घरात ठरलं, आणि कोणती यावरून लगेच दोन पक्ष पडले.

आमच्या मिस्टरांना स्कॉर्पिओ हवी होती. खानदेशात गाडीचं स्वप्न म्हणजे स्कॉर्पिओ, आणि ती झेपली नाही तर बोलेरो. तिकडे रावेर-यावलला केळीला भाव लागला, इकडे आमच्याकडे मिरची नाहीतर कापूस साधला, की दारात पांढरी स्कॉर्पिओ येते आणि आठवड्याच्या आत मागच्या काचेवर 'दादा', 'आबा', 'आप्पा' यांपैकी काहीतरी उमटतं. महिंद्राचा कारखाना नाशिकला, म्हणून "आपल्याकडची गाडी" हाही एक मुद्दा असतोच. पण रोज रस्त्यावर राबणाऱ्या गाड्या बघितल्या तर त्या वेगळ्याच: वॅगनआर, अल्टो, पोरं कोंबलेली इको, लग्नसराईत भाड्याने पळणारी अर्टिगा. मला रोज साठ किलोमीटर जायचं होतं, तेही एकटीने. मला त्या दुसऱ्या यादीतली गाडी हवी होती.

वाद मिटला तो कराच्या हिशेबाने, म्हणून तो इथे देते. गुजरातेत नव्या खासगी गाडीला एकरकमी कर साधारण ६ टक्के. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३, सीएनजीला ७. गाडी १० ते २० लाखांच्या गटात गेली की यात एकेक टक्का वाढतो. (हे २०२४ चे दर. तुम्ही करत असाल तेव्हाचे बघून घ्या.) १४ लाखांच्या डिझेल स्कॉर्पिओला तिकडे ८४ हजार, इकडे १ लाख ९६ हजार. सुरतेची जुनी स्कॉर्पिओ स्वस्त दिसते त्यात या फरकाचा मोठा वाटा आहे. ती इकडे आणून एमएच करायची म्हटलं की महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयाप्रमाणे घट धरून पुन्हा भरावा लागतो, आणि तो मूळ बिलाच्या रकमेवर लागतो, आपण किती दिले यावर नाही. मग स्वस्ताई कुठे राहिली? सीएनजी गाडीला दोन्हीकडच्या करात फक्त एका टक्क्याचा फरक. उत्तरपत्रिकेच्या पाठकोऱ्या कागदावर हे मांडून दाखवलं, तेव्हा मिस्टर म्हणाले, "बरं, बघ तुझी वॅगनआर."

"नंबर बदलायचाच कशाला? फिरव तशीच," असं सांगणारेही भेटले. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त आपल्याकडे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. लोक वर्षानुवर्षं तशाच फिरवतात हे मलाही दिसतं. पण गाडी दुसऱ्याच्या नावावर, विमा दुसऱ्याच्या नावावर आणि स्टिअरिंगवर मी, ही कल्पना मला सोसवेना. उद्या कुणाला धक्का लागला तर कागदावर मी कोण?

उधन्याला माझा मावसभाऊ असतो. लूमवर सुपरवायझर. त्याने तीन-चार गाड्या बघून ठेवल्या होत्या. ५ मे, रविवारी मी, मिस्टर आणि आमच्या गल्लीतले मिस्तरी असे तिघे रेल्वेने गेलो. मिस्तरींची दिवसाची मजुरी आणि जेवण आमच्याकडे. या प्रकरणात सर्वांत सत्कारणी लागलेला खर्च तो. (वाटेत नवापूर स्टेशन लागतं. अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत, आणि तिथला एक बाकही हद्दीवर दोन्ही राज्यांत विभागलेला. आम्हीसुद्धा पुढचे चार महिने त्या बाकावर बसल्यासारखेच काढले.)

आवडलेली गाडी २०१९ ची, कंपनी फिटेड सीएनजी, पहिलाच मालक, ५८ हजार किलोमीटर, रंग पांढरा. मालक कापड मार्केटमधले गृहस्थ. "बेन, गाडी एकदम घर की है," असं म्हणत त्यांनी बॉनेट उघडलं. मिस्तरींनी बॉनेटकडे पाहिलंच नाही. ते आधी मागच्या सीटवर जाऊन बसले, सीटबेल्ट हाताने खेचत खेचत पार शेवटपर्यंत बाहेर काढला, आणि त्या पट्ट्यावर टॉर्च धरून बोट फिरवत गेले. मग पुढचे दोन्ही पट्टे तसेच. मला म्हणाले, "मॅडम, सुरतमध्ये दर पावसाळ्यात खाडीचं पाणी भरतं. सीट धुता येते, कार्पेट बदलता येतं, पट्ट्याचं शेवटचं वीतभर टोक कुणी धूत नाही. तिथे गाळाची रेघ राहते." रेघ नव्हती. मग स्टेपनी उचलून तिच्याखालचा पत्रा, सीटखालच्या लोखंडी पट्ट्या, दारांच्या रबराच्या आतला भाग. समुद्राकडच्या गाड्यांना गंज लागतो तोही तिथेच दिसतो. इंजिन सर्वांत शेवटी.

सीएनजीच्या टाकीवर एक छोटी पाटी असते, तीही त्यांनीच दाखवली. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, करावी लागते, आणि तारीख उलटून गेली असेल तर पंपवाला गॅस भरायला नकार देऊ शकतो. या गाडीची टेस्ट २०२२ ला झालेली होती, म्हणजे एक वर्ष निवांत. सर्व्हिसिंगचा इतिहास कंपनीच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये नंबरावरून कळतो. किलोमीटर मागे फिरवलेत का ते तिथे लगेच उघडं पडतं.

सौदा ३ लाख ८५ हजारांना ठरला. अशीच गाडी धुळ्यात एमएच १८ पासिंगची ४ लाख ४० हजारांना सांगत होते. टोकन देण्याआधी भावाने तिथेच मोबाइलवर परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकला, आणि दोन गोष्टी निघाल्या. एक, आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, तशीच होती. कर्ज जानेवारीतच फिटलेलं, पण बोजा उतरवायला कुणी गेलंच नव्हतं. दोन, सुरत पोलिसांचे ई-मेमो, म्हणजे ऑनलाइन दंड, थकलेले. सिग्नल, सीटबेल्ट वगैरे. मालकांना स्वतःलाही त्यांचा आकडा माहीत नव्हता. बोजा आणि मेमो दोन्ही निघाल्याशिवाय एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला हरकत नाही असा तिथल्या आरटीओचा दाखला, मिळत नाही.

म्हणून स्टॅम्पपेपरवर करार केला, आणि त्यातल्या अटी भावाने हट्टाने घालायला लावल्या. ३ लाख ६० हजार आत्ता, बँकेतून. २५ हजार एनओसी हातात आल्यावर. ताबा दिल्याच्या तारखेपर्यंतचे सगळे मेमो मालकाचे. एनओसीसाठी येणारे ओटीपी मालक देईल. गुजरातेतून कराचा परतावा मिळाला तर तो आमचा. मालक हसले, पण सही केली. हे २५ हजार राखून ठेवले नसते तर पुढची कामं झाली असती असं मला वाटत नाही. माणूस वाईट नव्हता. पण गाडी विकून पैसे मिळाल्यावर त्या गाडीसाठी दुकान सोडून आरटीओत कोण जाईल?

९ मे ला गाडी घरी आली. मला ती आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दारात हवी होती, आणि आखाजी १० तारखेला. बार्डोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी करत दोनशेच्या आसपास किलोमीटर. हद्द ओलांडल्यावर पहिल्यांदा मी चालवायला घेतली. दुसऱ्या दिवशी माहेरी गेले तर झोक्यावरच्या पोरी उतरून गाडीभोवती. शेजारच्या आजींनी सगळी गाडी फिरून बघितली आणि विचारलं, "गाडी ते भारी शे, पन नंबर गुजरातना काबर?" मी म्हटलं, आजी, तेच आता बदलायचंय.

नुसती गाडी आणून चालत नाही. ताबा घेतल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली, दोघांच्या सह्यांची पावती गाडीत ठेवा. सोबत आरसी, विमा, पीयूसी आणि कराराची प्रत. गुजरातचं पीयूसी मुदत असेपर्यंत इकडेही चालतं. जुन्या मालकाचा फास्टॅग त्याच दिवशी बंद करायला सांगा, नाहीतर टोल तुम्ही ओलांडता आणि पैसे त्यांच्या खात्यातून जातात, मग फोनवर फोन.

विम्याचं काम लोक हमखास मागे टाकतात. गाडी हस्तांतरित झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं. थर्ड पार्टी संरक्षण आपोआप नव्या मालकाकडे येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी तर पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. नो क्लेम बोनस (भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीसोबत येत नाही, तो जुन्या मालकाचाच. त्यामुळे फरकाची रक्कम आपल्याला भरावी लागते. मला ती अडीच हजारांच्या आत पडली.

मे महिना तसा सुट्टीचा, पण २०२४ चा मे म्हणजे निवडणूक. धुळे मतदारसंघाचं मतदान २० मे ला होतं, आणि मी मतदान केंद्रावर. प्रशिक्षण, साहित्यवाटप, मतदान यात तो आठवडा गेला. तिकडे सुरत मतदारसंघात उमेदवार बिनविरोध आलेला, पण उधना पडतं नवसारी मतदारसंघात, म्हणून भावालाही ७ मे ला मतदान होतं. सांगायचा मुद्दा एवढाच, की अशी कामं काढण्याआधी कॅलेंडर बघा.

बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतं. मालकांकडे बँकेचं जानेवारीतलं पत्र होतं, पण त्या पत्राची मुदत तीन महिन्यांची आणि ती संपलेली. बँकेने नवं पत्र द्यायला दहा-बारा दिवस घेतले, कारण खातं बंद झालेलं आणि फाइल दुसऱ्या शाखेत. ते आल्यावर बोजा २४ मे ला उतरला. मेमोचे पैसे मालकांनी भरले. भरल्यानंतर ते साइटवरून निघायला वेळ लागतो, तोवर अर्ज पुढे सरकत नाही. भरल्याची पावती जपून ठेवायला सांगा.

२७ मे ला एनओसीचा अर्ज. हा फॉर्म २८. त्याच्या तीन-चार प्रती, प्रत्येकीवर चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट. प्रिंट घ्यायचा म्हणजे कोरलेल्या नंबरावर पातळ कागद धरून मऊ पेन्सिल आडवी घासायची. सतरा अक्षरं-अंक उमटतात. गाडी दोंडाईच्यात आणि अर्ज सुरतेत, म्हणून मी ते प्रिंट घरीच काढून पाठवले. पहिल्यांदा हात हलतो, आठ आणि बी सारखेच दिसतात. दहा-बारा काढून ठेवा, पुढे धुळ्यालाही लागतात. आणि काढताना आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडून बघा, कारण गाडी खरोखर तीच आहे की नाही हे तिथेच ठरतं. सोबत एनसीआरबीचा दाखला, म्हणजे या इंजिन-चेसिसची गाडी चोरीला गेल्याची नोंद पोलिसांकडे नाही असा कागद. तो ऑनलाइन निघतो आणि फुकट असतो. याचे पाचशे रुपये मागणारे लोक आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

ऑनलाइन अर्जाचा ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर जातो. मालकांनी तो नंबर दोन वर्षांपूर्वी सोडला होता. मग आधी मोबाइल नंबर बदलायचा अर्ज, मग एनओसीचा. जुनी गाडी घेताना मालकाला पहिला प्रश्न हाच विचारा: आरसीला जोडलेला नंबर चालू आहे का?

कायद्यात असं आहे, की एनओसीच्या अर्जावर तीस दिवसांत निर्णय द्यायचा, नाहीतर ती दिली असं समजायचं. आम्हाला त्या कलमाची गरज पडली नाही, १४ जूनला एनओसी आली. त्याच संध्याकाळी मालकांना २५ हजार पाठवले. दुसऱ्या दिवशी आमची शाळा उघडली, म्हणजे इथून पुढचं प्रत्येक काम किरकोळ रजेवर. एनओसीची मुदत सहा महिने असते, त्यामुळे घाई नव्हती, पण पावसाळ्यात ढकलाढकल केली की दिवाळी येते हेही खरं.

आता धुळे. इथे लागणारे कागद असे: एनओसी, मूळ आरसी, फॉर्म २७ म्हणजे नव्या नंबराचा अर्ज, फॉर्म २९ दोन प्रती आणि फॉर्म ३० म्हणजे मालकी बदल, माझा पत्त्याचा पुरावा, पॅन, विमा, पीयूसी, एनसीआरबीचा दाखला, आणि गाडीचं मूळ बिल. २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या लागतात. त्या गाडी घेतानाच घ्या, आणि जास्तीचा एक संच सहीसकट ठेवा. सही आरसीवरच्यासारखी आहे का तेही बघा.

सगळं होतं, बिल नव्हतं. मालकांनी घर बदललं तेव्हा ते कुठेतरी गेलं. कर बिलाच्या रकमेवरच काढतात, त्यामुळे त्याशिवाय पान हलत नाही. २०१९ ला जिथून गाडी घेतली त्या शोरूमला फोन केले. "सिस्टीम बदलली आहे," "अकाउंट्सवाले रजेवर आहेत," "मालकालाच पाठवा." शेवटी भावाने मालकांकडून अधिकारपत्र लिहून घेतलं आणि तो दर शनिवारी कामावरून सुटल्यावर शोरूमच्या काउंटरवर जाऊन उभा राहायला लागला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात शिक्का मारलेली प्रत मिळाली. पैसे घेतले नाहीत, हे सांगायला हवं. माझा सगळा मिळून सर्वांत जास्त वेळ या एका कागदाने खाल्ला. जुनी गाडी परराज्यातून घेत असाल तर टोकनच्या आधी बिल मागा, रंग आणि टायर नंतर बघा.

या मधल्या दिवसांत मी एका एजंटकडेही जाऊन आले. त्याने कर सोडून १२ हजार सांगितले. काम मात्र हेच, कागद हेच, आणि बिल त्यालाही मीच आणून द्यायचं. ज्याची रोजची मजुरी बुडते किंवा ज्याला कॉम्प्युटरवर अर्ज भरायला जमत नाही त्याने एजंटला देण्यात मला काही गैर वाटत नाही. फक्त कर आणि सरकारी शुल्काच्या पावत्या आपल्या नावाने मागून घ्या, आणि त्याची मजुरी वेगळी लिहून घ्या.

अर्ज परिवहनच्या साइटवर भरला. कार्यालयात कागद तपासून कराची रक्कम निघाली. बिल ५ लाखांच्या थोडं वर, सीएनजीचा दर ७ टक्के, गाडीच्या वयाची घट जाऊन २५ हजारांच्या आसपास. मालकी बदल, नवा नंबर, स्मार्ट कार्ड यांची शुल्कं वेगळी, पण कराच्या मानाने ती किरकोळ. सगळं ऑनलाइन भरलं. पावत्या रंगीत छापायची गरज नसते, झेरॉक्सवाला सांगेल तरी.

२३ जुलैला गाडी दाखवायला नेली. रात्रभर पाऊस, सकाळी निघाले तेव्हा गाडी चाकांपर्यंत काळ्या मातीने माखलेली. धुळ्यात शिरल्यावर आधी धुवून घेतली, ते बरं झालं, कारण निरीक्षक साहेब खाली वाकून बघणारे होते. त्यांनी इंजिन नंबर वाचला, चेसिस नंबर स्वतः बोट फिरवून वाचला, माझा पेन्सिल प्रिंट शेजारी धरला. मग हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न. सीएनजीची आरसीवर नोंद आहे ना हे पाहिलं. ती कंपनी फिटेड असल्याने होती. बाहेरून किट बसवलेल्या गाडीची नोंद नसेल तर इथेच अडकतं. माझ्यापुढे एक शेतकरी दादा बोलेरो घेऊन उभे होते, तीही गुजरातचीच. त्यांच्या गाडीला पुढे मोठा लोखंडी बंपर. "हा काढून आणा," एवढंच सांगून साहेब पुढे सरकले. दादा मला म्हणाले, "ताई, गाडीपेक्षा बंपरवरच जास्त जीव होता." तर कंपनीने न दिलेलं काही लावलेलं असेल, काचेला काळी फिल्म असेल, तर घरूनच काढून जा.

२ ऑगस्टला मोबाइलवर संदेश आला, नवा नंबर पडला. आवडीचा नंबर वेगळे पैसे भरून घेता येतो. मी घेतला नाही, मिस्टरांना वाईट वाटलं. आरसी त्याच दिवशी डिजिलॉकरमध्ये दिसायला लागली, आणि ती दाखवली तरी कायद्याने चालते. कार्ड पोस्टाने महिनाअखेरीला आलं. पोस्टमन येतो तेव्हा घरात कुणी असेल असा पत्ता द्या.

११ ऑगस्टला कानबाईच्या रोटांसाठी (श्रावणातला आमच्या खानदेशचा सण) गावी गेलो, तेव्हा गाडी कागदावर एमएच १८ आणि पाटीवर जीजे ०५ अशी होती. भाऊबंदांपैकी निम्म्यांनी रोटांचं विचारायच्या आधी हेच विचारलं, "कितलामा पडनी वं ताई?" मी खरं ते सांगितलं. गाडी ३,८५,०००, कर साधारण २५,०००, सरकारी शुल्कं, विम्याचा फरक, नवी पाटी, जाणं-येणं, मिस्तरी, झेरॉक्स हे सगळं धरून आणखी १२ हजारांच्या घरात. म्हणजे ४ लाख २० हजारांच्या थोडं वर. धुळ्यातल्या ४ लाख ४० हजारांच्या गाडीपेक्षा पंधरा-वीस हजार वाचले, आणि धुळ्याच्या गाडीलाही नावावर करायचा थोडा खर्च आलाच असता. तेवढ्यासाठी हे सगळं करावं का, हे ज्याने त्याने ठरवावं. माझ्यापुरतं सांगायचं तर गाडी चांगली निघाली म्हणून मला ते परवडलं. फरक ४० हजारांहून कमी असेल आणि सुरतेत धावपळ करणारं हक्काचं माणूस नसेल, तर इथलीच घ्या. पेट्रोल असेल तर हिशेब आणखी काटेकोर करा, आणि डिझेल असेल तर आधी कर काढा, मग गाडी बघायला निघा.

नव्या नंबराची हाय सिक्युरिटी पाटी कंपनीच्या डीलरकडे नोंदवली, ती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बसली. जुन्या पाट्या घरी शोभेला ठेवू नका, त्या जमा करायच्या असतात. नंतर विमा कंपनीला नवा नंबर कळवला, पॉलिसीवर तशी नोंद करून घेतली, नव्या आरसीवर फास्टॅग काढला, आणि पीयूसी नव्या नंबराचं करून घेतलं. ही चारही कामं एकाच आठवड्यात उरका. पाटी नवी आणि पॉलिसीवर नंबर जुना, अशा अवस्थेत अपघात झाला तर समजावत बसावं लागेल.

राहिला गुजरातचा परतावा. गाडी राज्याबाहेर गेली आणि दुसरीकडे कर भरला की उरलेल्या वर्षांचा कर मागता येतो. त्यासाठी नव्या आरसीची प्रत, महाराष्ट्रात कर भरल्याची पावती, एनओसीची प्रत, जुन्या मालकांचं संमतिपत्र आणि रद्द केलेला चेक असा संच करून भावाकडे पाठवला. संमतिपत्रावर सही घ्यायला भाऊ मार्केटमध्ये गेला, तर मालकांनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, आता कोणती गाडी घेऊ, माझ्या मुलाला स्कॉर्पिओ पाहिजे. अर्ज दिल्याची पोच आमच्याकडे आहे. पैसे आले, किंवा आणखी कुठला कागद मागितला, की इथेच खाली लिहीन.